टिश्यू कल्चरच्या जुन्या रॅकवर मिरचीची रोपं: ट्यूब दुरुस्त करायच्या की एलईडी लावायच्या?

प्रश्न जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा आहे. त्यांनी बंद झालेल्या टिश्यू कल्चर लॅबमधला (जिथे बाटलीत रोपं वाढवतात) तीन कप्प्यांचा लोखंडी रॅक विकत घेऊन बंद गॅलरीत ठेवला आहे. प्रत्येक कप्प्यावर चार फुटी दोन, अशा सहा ट्यूब. खालच्या दोन कप्प्यांचे चोक (ट्यूबमधला करंट आवरणारे भाग) तांब्याचे असून रॅकच्या बाजूला पत्र्याच्या पेटीत आहेत. वरच्या कप्प्याला नंतर कुणीतरी इलेक्ट्रॉनिक चोकच्या पट्ट्या, म्हणजे ट्यूब धरणाऱ्या फिटिंग, बसवल्या, त्या दोन्ही बंद आहेत. खालच्या चारपैकी एकीची दोन्ही टोकं लाल होऊन तशीच राहतात, एक सारखी लुकलुकते, दोन नीट चालतात. पण त्या चांगल्या दोन ट्यूबखालचीही मिरची-टोमॅटोची रोपं लांबुडकी होऊन आडवी पडतात. आफ्रिकन व्हायोलेटच्या कुंड्या मात्र फुलतात. आता ट्यूब दुरुस्त कराव्यात, की सगळं काढून एलईडी लावावं, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट बंद ट्यूबची नाही. चालू ट्यूबखालचीही रोपं लांबतात, हे तुम्ही नीट पाहिलंत, त्यातच अर्धं उत्तर आहे. मी आधी तेच सांगतो, मग पक्कड हातात घेऊ.

मी वायरिंगच्या कामाला लागलो तो पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांत. प्रत्येक मागावर एक ट्यूब, आणि ट्यूबवर कापसाच्या तंतूंचा जाड थर. पुढे डाळिंब आणि केळीच्या टिश्यू कल्चर रोपांचं काम वाढलं, तेव्हा तसल्या लॅबच्या ट्यूब सांभाळण्याचं काम माझ्याकडे आलं आणि तुमच्यासारखे रॅक रोजच हाताखालून जाऊ लागले. त्या खोल्यांमध्ये तापमान 25 अंशांच्या आसपास ठेवतात, दिवे सोळा तास चालू आणि आठ तास बंद. काचेच्या बाटलीत जे इवलंसं रोप असतं त्याला उजेड लागतो फार थोडा, दोन-तीन हजार लक्स (उजेड मोजायचं माप) पुरतात. कारण बाटलीतल्या जेलीत साखर घातलेली असते, लिटरला साधारण 30 ग्रॅम. रोपाला आपलं अन्न पूर्णपणे स्वतः करायची गरजच नसते.

तुमच्या मिरचीच्या रोपाला साखर कोण देणार? त्याला सगळं उजेडातूनच मिळवायचं आहे. म्हणजे तुमचा रॅक बिघडलेला आहे हे खरं, पण तो शंभर टक्के दुरुस्त झाला तरी मिरचीला अपुराच पडेल. तो बाटल्यांसाठी बनवला होता. व्हायोलेटचं तसं नाही. दोन 40 वॅटच्या ट्यूबखाली आठ ते बारा इंचांवर व्हायोलेट ठेवायचं, हे त्या झाडाचं जुनं मापच आहे, आणि तुमचा कप्पा योगायोगाने नेमका त्या मापाचा आहे. म्हणून ते फुलतंय.

आता अंतराचं गणित. नवी 36 वॅटची एकटी ट्यूब असेल तर पानापासून 15 सेंटीमीटरवर अडीच-तीन हजार लक्स मिळतात. तीच ट्यूब 30 सेंटीमीटरवर गेली की निम्मेही राहत नाहीत. तुमच्या कप्प्याची उंची बाटल्यांचा क्रेट आत-बाहेर करता यावा म्हणून ठेवलेली आहे, त्यामुळे ट्रेमधल्या कोवळ्या रोपापासून ट्यूब सहज फूटभर लांब राहते. दोन ट्यूब मिळून दोन-अडीच हजार लक्स. बाहेर सोलापूरचं दुपारचं ऊन लाखाच्या घरात जातं. आपल्या डोळ्याला हा फरक कळत नाही, बाहुली लहान-मोठी होऊन तो झाकून टाकते. रोपाला बाहुली नाही. ते उजेड शोधत वर वर पळतं आणि मानेत वाकतं.

म्हणून एक काम आजच करा, त्याला पैसा लागत नाही. ज्या दोन ट्यूब नीट चालतात त्यांच्याखाली पालथे क्रेट किंवा विटा ठेवून ट्रे इतका वर घ्या की रोपाच्या शेंड्यात आणि ट्यूबमध्ये चार बोटांपासून वीतभर अंतर राहील. रोप वाढेल तशी एकेक वीट काढायची. ट्यूब गरम होते, पण चार बोटांवर पान भाजत नाही. तळहात पानाच्या उंचीवर मिनिटभर धरा, चटका वाटला नाही तर पानालाही लागणार नाही. ट्यूबच्या मागे पांढरा रंग दिलेला पत्रा किंवा नुसता पांढरा फोम शीट लावा. ट्यूब सगळीकडे उजेड फेकते, वर गेलेला उजेड खाली आणला नाही तर तो छताच्या कामाचा.

आणि ट्यूब पुसा. हे मी कारखान्यात शिकलो. सोलापुरात धूळ, त्यात बोअरचं जड पाणी. स्प्रेने रोपांवर पाणी मारताना तुषार ट्यूबवर बसतात आणि वाळून पांढरे डाग पडतात. ट्यूब काढून, थंड झाल्यावर, ओल्या फडक्याने पुसायची आणि पूर्ण कोरडी करून मगच परत लावायची.

आता दुरुस्ती. पण त्याआधी वीज बंद करण्याबद्दल, कारण इथे मी स्वतः फसलेलो आहे. एका घरी असाच रॅक होता, मी भिंतीवरचं बटन बंद करून होल्डर उघडला आणि ओल्या लोखंडी रॅकला हात टेकलेला असताना सणसणीत झटका बसला. त्या घरात बटनावर फेजऐवजी न्यूट्रल आलेला होता. बटन बंद, दिवा बंद, आणि पट्टीत फेज जिवंत. जुन्या घरांत हे फार ठिकाणी सापडतं. तेव्हापासून मी एमसीबी (मेन बोर्डावरचं त्या सर्किटचं बटन) पाडतो, प्लग असेल तर तो काढूनच बाजूला ठेवतो आणि होल्डरच्या चारही पिनांवर टेस्टर लावून पाहतो. तुम्हीही याखेरीज पट्टीला हात लावू नका. आणि हे ज्यांना सवयीचं नाही त्यांनी ट्यूब-स्टार्टर बदलण्याच्या पुढे जाऊ नये, वायर सोडायची वेळ आली की वायरमन बोलवावा.

ज्या ट्यूबची दोन्ही टोकं लाल राहतात, तिथे दोष जवळजवळ नेहमी स्टार्टरचा. स्टार्टरच्या प्लास्टिकच्या डबीत एक काचेची छोटी कुपी असते, तीत दोन धातूंची जोडपट्टी. वीज आली की कुपीत ठिणगीसारखा उजेड होतो, पट्टी तापून वाकते आणि जोड देते, ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारा तापतात. मग पट्टी गार होऊन सुटते आणि त्या क्षणी चोक जो धक्का देतो त्याने ट्यूब पेटते. ती पट्टी चिकटून बसली, किंवा शेजारचा छोटा कपॅसिटर शॉर्ट झाला, की जोड सुटतच नाही. टोकं तापत राहतात आणि ट्यूब पेटत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. टोकं लाल असताना कोरड्या हाताने स्टार्टरची प्लास्टिकची डबी पाव फेरा फिरवून बाहेर काढा. फक्कन ट्यूब लागली, तर ट्यूबही चांगली आणि चोकही चांगला, नुसता स्टार्टर बदला. मात्र हे लांबवू नका. टोकं लाल राहिलेली ट्यूब आपल्या तारा जाळत असते, आठवडाभर तशी ठेवली तर मग ट्यूबही जाते.

लुकलुकणारी ट्यूब जरा विचार करायला लावते. तिची टोकं पाहा. बोटभर काळी झाली असतील तर ट्यूबचं आयुष्य संपलं आहे. टोकाच्या तारेवर जो लेप असतो तो उडून काचेवर बसतो, तेच ते काळं. अशा ट्यूबला कितीही स्टार्टर बदला, ती धडपडतच राहणार, आणि धडपडताना प्रत्येक वेळी नवा स्टार्टरही खराब करणार. टोकं स्वच्छ असतील तर आधी ट्यूब होल्डरमध्ये फिरवून घट्ट बसवा. होल्डरच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट मळ असेल तर झीरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. झाडांच्या रॅकवर हा हिरवा मळ फार लवकर येतो, दमट हवेमुळे. प्लास्टिक पिवळं पडून चिरलेलं असेल तर घासत बसू नका, होल्डरच बदला. आणि लुकलुक फक्त संध्याकाळच्या वेळेलाच होत असेल तर मीटरने व्होल्टेज बघा. तांब्याच्या चोकवरची जुनी ट्यूब कमी व्होल्टेजवर पेटायला कुरकुर करते, त्यात ट्यूबचा फारसा दोष नसतो.

नव्या ट्यूबमध्ये कधी कधी उजेड सापासारखा वळवळताना दिसतो. घाबरू नका, दोन-चारदा बंद-चालू केलं की तो बसतो.

तांब्याच्या चोकबद्दल एकच इशारा देतो. नवी ट्यूब लावली आणि फट्कन उडाली, तर दुसरी नवी ट्यूब लावून बघायचं नाही. चोक आतून शॉर्ट झाला की करंट आवरायला कुणी उरत नाही आणि ट्यूबची तार क्षणात जाते. एका कारखान्यात माझ्या आधी आलेल्या माणसाने अशा तीन ट्यूब एकापाठोपाठ घालवल्या होत्या. मीटर ओहमवर लावून चोकची दोन टोकं तपासा. 40 वॅटचा चांगला चोक पंचवीस-चाळीस ओहमच्या आसपास दाखवतो. शून्याजवळ आला तर शॉर्ट, काहीच दाखवलं नाही तर तुटलेला. त्याच मीटरने ट्यूबही तपासता येते: एका टोकाच्या दोन पिनांमध्ये दोन-चार ओहम आले की तार शाबूत आहे. चोक नुसता घुंईं करत असेल तर पट्ट्यांचे स्क्रू कसा, बहुतेक वेळा आवाज थांबतो.

वरच्या कप्प्याच्या दोन इलेक्ट्रॉनिक पट्ट्या. इथे आधी दुसऱ्या पट्टीवरची चालू ट्यूब लावून बघा. तरीही लागली नाही तर चोकच गेला. उघडलात तर आत बहुधा हे दिसेल: मोठ्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं, किंवा दोन ट्रान्झिस्टरपैकी एकाजवळ बोर्ड काळा पडलेला. हा कपॅसिटर वीज काढल्यावरही सव्वातीनशे व्होल्ट धरून बसू शकतो, त्याला हात लावण्याआधी रेझिस्टरमधून रिकामा करावा लागतो. ट्रान्झिस्टर बदलताना एकच गेला असला तरी जोडीने बदलायचे, नाहीतर जुना नव्याला घेऊन जातो. आणि ट्रान्झिस्टर का गेला हे शोधायचं. बहुतेक वेळा शेवटच्या घटका मोजणारी ट्यूब महिनोन् महिने तशीच धडपडत ठेवलेली असते, तिनेच चोक मारलेला असतो. मी हे काम वर्षानुवर्षं केलं आहे आणि करायला आवडतं. पण तुम्हाला मी ते सांगणार नाही. या दोन पट्ट्यांवर दुरुस्तीचा पैसा घालू नका, एलईडीची सुरुवात इथूनच करा.

त्याला कारणं आहेत. पहिलं, ट्यूब आता जाणारच. पाऱ्याच्या वापराबद्दलचा मिनामाता करार आहे, भारत त्यात आहे. 2023 मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत ठरलं की घरगुती उजेडाच्या सरळ ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायची, काचेच्या आतून साधा लेप असलेल्या ट्यूबसाठी 2026 आणि सुधारलेल्या लेपाच्या, म्हणजे ट्रायफॉस्फर ट्यूबसाठी 2027 ही मुदत. दुकानात जुना माल काही काळ मिळेल, पण त्याच्या भरवशावर नवा चोक घेऊ नका.

दुसरं कारण आपल्या गावाचं आहे. 26 मिलीमीटर जाडीची ट्यूब सगळ्यात जास्त उजेड देते ती सभोवतालची हवा 25 अंश असताना. लॅबमध्ये एसी होता. तुमची गॅलरी एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकते. हवा 25 अंशांच्या बरीच वर गेली की आतल्या पाऱ्याच्या वाफेचा दाब बिघडतो आणि उजेड घटतो, म्हणजे ज्या महिन्यात तुम्ही पावसाळ्याच्या लागणीसाठी रोपं करता नेमक्या त्याच महिन्यात ट्यूब कमी पडते. शिवाय 36 वॅटच्या ट्यूबमागे तांब्याचा चोक आणखी दहाएक वॅट उष्णता म्हणून घालवतो. लॅबवाल्यांनी चोक बाहेर पेटीत ठेवले ते याच कारणाने.

उष्णता एलईडीलाही मानवत नाही, हे दुकानदार सांगत नाही. दिवे टिकतात, आतला ड्रायव्हर (दिव्यांना वीज पुरवणारं सर्किट) मरतो. त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश तापमानाला साधारण निम्मं होतं. म्हणून एलईडी ट्यूब बंद खोक्यात कोंडू नका, मागे हवा खेळू द्या. आणि उन्हाळ्यात दिव्यांची वेळ उलटी करा. संध्याकाळी सहाला चालू, सकाळी आठ-नऊला बंद. रोपाला दिवस कुठला आणि रात्र कुठली याच्याशी देणंघेणं नाही, त्याला सलग उजेड आणि सलग अंधार हवा. गॅलरीत मात्र दिवसा उन्हाची तिरीप येत असेल तर हे जमणार नाही, पडदा लावावा लागेल.

आता किती लावायच्या. मी मिरची-टोमॅटोच्या कप्प्यावर तीन एलईडी ट्यूब सुचवतो, 20 वॅटच्या, दोहोंमध्ये वीतभरापेक्षा थोडं कमी अंतर, आणि ट्रे त्यांच्यापासून 15 सेंटीमीटरवर. खोक्यावर वॅट बघून घेऊ नका, ल्युमेन, म्हणजे एकूण उजेड बघा. 20 वॅटमध्ये दोन हजारांच्या वर हवेत. जुनी ट्यूब कागदावर जास्त ल्युमेन दाखवते, पण ती चहूबाजूंनी उधळते. एलईडी ट्यूबचा उजेड खालीच येतो. अशा तीन ट्यूबखाली मधोमध दहा-अकरा हजार लक्स मिळतात.

हे पुरेसं आहे का, ते कसं ठरवायचं? पांढऱ्या उजेडाच्या लक्सला साधारण 70 ते 75 ने भागलं की रोपाच्या उपयोगाच्या प्रकाशाचा आकडा येतो, तो मायक्रोमोलमध्ये मोजतात. अकरा हजार भागिले 70 म्हणजे दीडशेच्या वर. त्याला दिव्याच्या तासांनी आणि 0.0036 ने गुणा. 155 गुणिले 16 गुणिले 0.0036, म्हणजे दिवसाला नऊ मोलच्या आसपास. मिरची, टोमॅटो, वांग्याच्या रोपांना दहाच्या जवळ मिळालं की ती बुटकी आणि जाड खोडाची होतात. आता तुमच्या आजच्या रॅकचं बघा: दोन हजार भागिले 74, गुणिले तेवढेच तास. दीड मोल. पाचपट-सहापट फरक. रोपं उगीच आडवी पडत नव्हती.

मोबाईलवर लक्स मोजायचं ॲप मिळतं. त्याचा आकडा नेमका नसतो, पण एकाच फोनने आधी आणि नंतर मोजलंत तर किती पट फरक पडला ते कळतं. तेवढंच हवं आहे.

रंगाबद्दल लोक फार गोंधळ करतात. रोपांसाठी जांभळे दिवे लागतात असं नाही. 6500 केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) पांढरा उजेड रोपाला बुटकं ठेवायला चांगला, कारण त्यात निळा भाग जास्त. 4000 केल्विनमध्ये लाल भाग थोडा वाढतो. मी तीनपैकी दोन 6500 च्या आणि मधली 4000 ची लावतो. जांभळ्या दिव्यातही झाड वाढतं, पण त्या उजेडात पानाखालचा फुलकिडा किंवा पिवळेपणाची पहिली खूण दिसत नाही, आणि मिरचीवर फुलकिडा उशिरा दिसणं म्हणजे पान आकसल्यावरच कळणं. मला झाड दिसलं पाहिजे.

पट्टी बदलायची गरज नाही, जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसते, पण आतली जोडणी बदलावी लागते. इलेक्ट्रॉनिक चोक पूर्ण काढून टाकायचा. तांब्याचा चोक ठेवून स्टार्टरच्या जागी ट्यूबसोबत येणारा फ्यूजचा तुकडा लावूनही काही ट्यूब चालतात, तरी मी तोही काढतो, उगाच वीज खातो. मग ट्यूबवरचं लेबल नीट वाचा. काही ट्यूबना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला लागतात, काहींना एका टोकाला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल. यात चूक झाली तर शॉर्ट होतं. एका टोकाच्या ट्यूबमध्ये दुसरं टोक फक्त धरायला असतं, तिथली वायर काढून टोक टेपने बंद करायचं. ट्यूब लावताना आणि काढताना वीज बंदच पाहिजे. दोन टोकांच्या ट्यूबची एक बाजू होल्डरमध्ये आणि दुसरी तुमच्या हातात असेल, तर उघड्या पिनेवर वीज येऊ शकते. काम झाल्यावर पट्टीवर मार्करने ठळक लिहा: फक्त एलईडी. कारण उद्या कुणी भलेपणाने जुनी ट्यूब त्या होल्डरमध्ये घातली तर 230 व्होल्ट थेट तिच्या तारेवर येतील आणि ती हातात फुटू शकते.

एलईडी बंद केल्यावरही रात्री मंद मंद जळत राहिली तर ट्यूब परत करायला धावू नका. बहुधा बटनावर न्यूट्रल आला आहे. वर सांगितलेला तोच दोष, आणि तो घरात इतरत्रही असेल. वायरमनकडून सरळ करून घ्या.

रॅक लोखंडी आहे, वर पाणी आहे. म्हणून रॅकला स्वतंत्र अर्थिंगची वायर स्क्रूने घट्ट हवी, रंग खरवडून. आणि या सर्किटला 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच तोडणारा स्विच) हवा. यात काटकसर नको, एलईडी पुढच्या वर्षी लावा पण हे आधी करा. वायर पट्टीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे वरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, होल्डरमध्ये जाणार नाही. प्लग आणि टायमर कायम ट्रेच्या पातळीपेक्षा वर. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे नळ आला की लोक भरभरून पाणी घालतात आणि तेव्हाच ट्रे वाहतात. त्या दिवशी रॅक बंद ठेवूनच पाणी घाला.

मग तुमच्या सहा जागांचं काय करायचं? वरच्या कप्प्याच्या दोन मेलेल्या पट्ट्या आणि एक नवी, तिथे तीन एलईडी, हा रोपांचा कप्पा. मधल्या कप्प्यावर तुमच्या दोन चांगल्या ट्यूब तशाच ठेवा, तिथे व्हायोलेट खूश आहेत, त्यांना हलवू नका. खालच्या कप्प्यावर स्टार्टर बदलून लागलेली ट्यूब आणि लुकलुकणारी सुधारली तर ती. तिथे मेथी, मोहरी, राजगिऱ्याचे मायक्रोग्रीन (कोवळेपणीच कापून खायची रोपं) करा, ट्रे ट्यूबच्या वीतभर जवळ घेऊन. ते आठ-दहा दिवसांत कापायचे असतात, बियातला साठाच त्यांना बराचसा पुरतो. या ट्यूब जशा जातील तशा एकेक एलईडी लावत चला.

बिल अर्ध्यावर येईल असं मी सांगणार नाही. आज सहाही ट्यूब चालू असत्या तर सोळा तासांना चार युनिट गेले असते. वर सांगितलेल्या मांडणीत चाराच्या जरासे खाली जातील. सगळं एलईडी झालं, एकूण सात ट्यूब, तर सव्वादोन. बचत आहे, पण खरा फायदा असा की त्याच विजेत मिरचीला पाचपट उजेड मिळतो.

चालू आहे म्हणून जुनी ट्यूब कायम ठेवायची असंही नाही. तिचा उजेड हळूहळू उतरतो आणि रोज बघणाऱ्याला ते कळत नाही. काचेवरचा आकडा वाचा. 865 असेल तर ट्रायफॉस्फर लेपाची, ती बराच काळ टिकून उजेड देते. 765 किंवा 54 असेल तर साध्या लेपाची, ती आधी काढा.

काढलेल्या ट्यूबमध्ये थोडा पारा असतो. त्या फोडू नका, भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका. नव्या एलईडीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, ट्यूब ई-कचऱ्याच्या नियमांत येतात. घरात फुटलीच तर खिडक्या उघडून सगळ्यांनी पंधरा-वीस मिनिटं बाहेर जायचं. मग झाडू किंवा व्हॅक्यूम न वापरता पुठ्ठ्याने तुकडे गोळा करायचे, बारीक पूड ओल्या कागदाने टिपायची, आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करायचं. फुटलेल्या जागेखालच्या ट्रेमधले मायक्रोग्रीन खाऊ नका, मातीसकट टाका.

शेवटची एक गोष्ट रोपांची. कोणी म्हणेल, सोलापुरात उन्हाला काय तोटा, दिवे कशाला? पण मेच्या गच्चीवर टोमॅटोचं बी धड उगवत नाही, पस्तिशीच्या वर तापमान गेलं की उगवण घसरते, आणि जे उगवतं ते दुपारच्या झळांनी करपतं. तुमचं घरात रोप करणं अगदी बरोबर आहे. फक्त पाऊस लागल्यावर ते एकदम बाहेर नेऊ नका. दिव्याखाली दहा हजार लक्स पाहिलेलं पान लाखाच्या उन्हात पांढरं पडतं. आधी दोन-तीन दिवस सकाळचं कोवळं ऊन, मग हिरव्या शेडनेटखाली, असे आठ दिवस घ्या. वांगी-टोमॅटो चार-पाच आठवड्यांची झाली की लावायची, मिरचीला आठवडाभर जास्त द्या.

आज विटांवर ट्रे चढवलात तर दहा दिवसांनी नव्या पानांमधलं खोडाचं अंतर मोजा आणि जुन्याशी ताडून बघा. ते अंतर आणि वरच्या कप्प्याच्या पट्ट्यांच्या आतल्या भागाचा एक फोटो पाठवा, म्हणजे जोडणी कशी करायची ते तुमच्या वायरमनला मी नेमकं सांगू शकेन.